मिरचीच्या दिवसांतला स्टिरिओ

यंदाही मिरची आली. चक्कीच्या ओट्यावर पोती उतरायला लागली आणि माझं नाक चुरचुरलं. भिवापूरकडची नवी मिरची पोत्याचं तोंड बांधलेलं असलं तरी लपत नाही. ती आधी नाकात येते, मग डोळ्यांत, आणि संध्याकाळपर्यंत पदराच्या विणीत जाऊन बसते. सत्तरी ओलांडल्यावर मी चक्की दुसऱ्यांच्या हाती दिली, पण मिरचीचे दिवस सुरू झाले की सकाळी तिथे खुर्ची टाकून बसल्याशिवाय राहवत नाही. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहतात, दळणाच्या भावावरून कटकट करतात. मला बरं वाटतं. जी बाई भाव करत नाही तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

दुपारी बारानंतर घरी परतते. दारं-खिडक्या लावून घेते, कूलरमध्ये पाणी सोडते. नव्या खसचा ओला वास खोलीभर होतो आणि बाहेरचं ऊन फक्त दाराच्या फटीतून एक पांढरी रेघ होऊन आत येतं. नागपुरात या वेळी कोणी कोणाच्या घरी जात नाही. अशा दुपारी भिंतीशी उभे असलेले ते दोन लाकडी खोके अंधारात आधी दिसतात. गुडघ्याच्या वर येतील एवढे. त्यांच्यामध्ये टेबलावर पत्र्याचा अँप्लिफायर, शेजारी रेकॉर्ड प्लेअर. पाहुण्यांना वाटतं, म्हातारीला जुन्या सामानाचा शौक आहे. शौक मला कधीच नव्हता. मला राग होता.

नागपुरात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट आहे. मी तेव्हा अडतिशीची होते. मिरची कांडपाची स्वतःची चक्की उभी केली होती, मोटर जळली तर मिस्त्रीची वाट न पाहता उघडून बसत होते. माझा नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, स्वभावाने ताकासारखा थंड. आम्हाला मूलबाळ नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, म्हणजे लोकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं.

त्या वर्षी चैत्रात बाबा माझ्याकडे आले. बाबा म्हणजे माझे वडील. टांडापेठेकडच्या एका गल्लीत त्यांनी उभं आयुष्य हातमागावर साड्या विणल्या. माग बंद पडून वर्ष झालं होतं. खोलीवरचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, एका बाजूने खचले होते, आणि पुण्याच्या माझ्या भावाचं पत्र आलं होतं की उन्हाळ्यात जागेची अडचण आहे, दिवाळीनंतर बघू. मागच्या मे महिन्यात बाबांना त्या खोलीत ऊन लागलं होतं. तीन दिवस एकटे पडून होते. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी मला निरोप दिला. पुढच्या वेळी शेजारी पाचव्या दिवशी आले तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून मीच रिक्षा घेऊन गेले आणि भांडून त्यांना आणलं.

आणलं, पण ते आले नव्हते. सोबत लोखंडी पेटी, स्टोव्ह, कणकेची पिशवी आणि एक लहान मडकं. मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आमच्याकडच्या जुन्या माणसांचा नेम. बाबा तो नेम वरांड्यात मांडून बसले. मडकं भरायला गल्लीतल्या सरकारी नळावर जायचे. नळ सरकारचा, पाणी सरकारचं, मुलीचं नाही. तिखटसुद्धा बाजारातून पुडी बांधून आणलं. निम्मं नागपूर माझ्या चक्कीचं तिखट खात होतं आणि माझा बाप दुसऱ्याचं तिखट माझ्या वरांड्यात शिजवत होता. त्या स्टोव्हचा फरफर आवाज ऐकला की माझ्या अंगाची आग व्हायची. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला तो आवाज सांगायचा की या घरात मूल नाही.

"कवेलू फेरून झाले का जातो मी," असं ते रोज म्हणायचे. कवेलू फेरायचं, म्हणजे उतरवून पुन्हा नीट लावायचं, काम पाऊस लागायच्या आत व्हायचं होतं. माझ्याकडे दीड महिना होता.

आता खरं सांगते. ते राहावेत असं मला वाटत होतं, त्याचं कारण फक्त ऊन नव्हतं. त्यांनी मला सातवीतून काढलं होतं. भाऊ शिकला, मी कांड्या भरायला बसले. चरख्यावर सूत गुंडाळायचं, दिवसभर, कारण माझे हात गल्लीत सगळ्यांत चपळ होते. त्याबद्दल बाबा कधी एक शब्द बोलले नव्हते. तो शब्द ऐकायला मी पंचवीस वर्षं थांबले होते आणि तो न बोलता ते जाणार होते.

स्टिरिओचं खूळ त्याच दिवसांत डोक्यात शिरलं. धंतोलीत एका डॉक्टरांच्या बंगल्यावर तिखटाचे डबे पोचवायला गेले होते. बाईंनी दारातच थांबवलं. आत दिवाणखान्यात रेकॉर्ड लागली होती. गाणारी बाई त्या खोलीत उभी आहे असं मला वाटलं. मी वाकून बघितलंसुद्धा. तिथे कोणी नव्हतं. दोन खोके होते, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या भिंतीसमोर, तो आवाज उभा होता. दिवसभर चक्कीच्या घरघरीत राहिलेल्या माझ्या कानांना इतकं स्वच्छ काही ऐकू येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "डबे तिथंच ठेव." मी ठेवले. परतताना मनाशी म्हटलं, हे आपल्या घरात पाहिजे, आणि यांच्यापेक्षा स्वस्तात पाहिजे.

सीताबर्डीच्या दुकानात मी नवऱ्याला सोबत नेलं. ती चूक झाली. मी अँप्लिफायरचं बटण फिरवून बघत होते तर शेठ म्हणाला, "ताई, हात नका लावू. मी भाऊंना समजावतो."

"भाऊले काय समजावता? घेणारी मी आहो. मले सांगा."

"टेक्निकल चीज आहे, ताई."

"चक्कीची मोटर बी टेक्निकल आहे. तिचा पट्टा तुमी बदलून दाखवा, मंग बोला."

माझा नवरा रेकॉर्डच्या खोक्यात तोंड घालून हसत होता. शेठकडे त्याने मागच्या खोलीत स्वतः बनवलेले अँप्लिफायर होते. त्यातला एक अजून अर्धवट होता, पत्रा तसाच, रंग नाही, बटणांवर अक्षरं नाहीत. मी तोच धरला.

"याले रंग नाही. रंगाचे पैसे कापा."

"ताई, आवाज रंगातून येत नाही."

"मंग रंग लावलेल्याचे जास्त काहून घेता?"

शेठने कपाळाला हात लावला. असा भाव करताना मला जी मजा येते ती मला गाण्यात कधी आली नाही. दोन स्पीकर त्याच्याचकडून घेतले. रेकॉर्ड प्लेअर नवऱ्याच्या बदली झालेल्या साहेबांकडून मिळाला. शेठ जोडणीचे वेगळे मागत होता. मी म्हटलं, चार वायरी जोडायचे कसले पैसे? वायरसुद्धा त्याच्याकडची घेतली नाही. त्याच्या जोडवायरीतल्या एका तारेवर लाल रेघ होती. इतवारीत मला पांढरी मिळाली, दोन्ही तारा सारख्या, निम्म्या भावात. शेठ चिडून स्क्रूंबद्दल काहीतरी सांगत होता. मी दोन जादा फ्यूज फुकट मागत होते. ते मिळवले आणि निघाले.

मला हे आताशा कळलं की भाव करणाऱ्या माणसाचा कान एकाच गोष्टीसाठी उघडा असतो. समोरचा ज्या क्षणी आकडा सोडून दुसरं काही बोलायला लागतो, त्या क्षणी आपण पुढच्या वाक्याची तयारी करत असतो. माझी निम्मी भांडणं अशीच झाली असतील. कोण काय म्हणालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. पण जे मी ऐकलंच नाही, ते कुठून आठवणार?

जोडणी रविवारी दुपारी. दारं लावलेली, कूलर चालू. वायरीचं भेंडोळं मी उलगडायला घेतलं आणि त्याचा गुंता झाला. मी ओढायला लागले. वरांड्याच्या दारात बाबा उभे होते. वर्षभर त्यांच्या हातांना काम नव्हतं. बसल्या बसल्या बोटं मांडीवर हलायची, धोटा फेकल्यासारखी.

"अवं, ओढू नको. जीव घेशीन त्याचा. दे इकडे."

ते आत येऊन जमिनीवर बसले. गुंता त्यांनी ओढला नाही, नुसता सैल करत नेला, आणि तो आपणच सुटला. मग वायर अंगठ्याखालून अशी सरळ काढली की तिच्यातला पीळ निघून गेला.

"यातली कोणती तार कोणती?"

"दोनी सारख्याच. एकीले खूण करा लागते म्हणते."

त्यांनी पेटीतून लाल रेशमाचं बंडल आणलं. तुटलेला ताणा सांधायला विणकराकडे असतं तसलं. एक तार दोन बोटांत धरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, खोलीच्या पार कोपऱ्यात, ती निसटू न देता. दोन्ही टोकांना त्यांनी लाल धागा गुंडाळला, आणि गाठ अशी मारली की बोटाला लागू नये. भिंतीच्या कडेकडेने वायर लावली. कुठे झोळ नाही, कुठे ताण नाही. रेकॉर्ड प्लेअरखालचं टेबल डुगडुगत होतं. त्यांनी पाण्याची वाटी तबकडीवर ठेवली आणि पाणी वाटीच्या काठाला सगळीकडून सारखं लागेपर्यंत टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत राहिले. माझा नवरा म्हणाला, "बाबा, रेल्वेत पाहिजे होते तुम्ही." बाबा हसले. त्या घरात ते पहिल्यांदा हसले.

स्पीकरच्या मागे एका स्क्रूवर लाल ठिपका होता. तिथे लाल धाग्याची तार, दुसरीकडे साधी. दोन्ही स्पीकर तसेच. अँप्लिफायरच्या मागे चार पितळी स्क्रू एका ओळीत, चारी एकसारखे. तिथे बाबा थोडे थांबले. मग डाव्या वायरीची लाल तार अगदी बाहेरच्या स्क्रूला, साधी आत. उजव्या वायरीची साधी आत, लाल बाहेर. लाल, पांढरी, पांढरी, लाल. मी वाकून बघितलं. फार छान दिसत होतं. साडी अंथरली की दोन्ही काठ असेच दिसतात, एकमेकांकडे तोंड करून, लाल कड दोन्ही बाजूंनी बाहेर. आम्हा दोघांच्याही डोळ्यांना ते बरोबर वाटलं.

नवऱ्याने रेकॉर्ड पुसून लावली. सुई टेकली, खरखर झाली, आणि त्यामागे एक भुंगा ऐकू आला. तो भुंगा कूलरच्या मोटरचा निघाला. कूलर बंद केला की जायचा. म्हणजे गारवा किंवा गाणं, दोन्हीपैकी एकच. कूलर बंद केला. घाम वाहायला लागला. गाणं सुरू झालं.

ते गाणं नव्हतं. तबल्याची टिणटिण ऐकू येत होती, डग्गा गायब. गाणारी बाई कधी खिडकीबाहेर, कधी माझ्या डोक्यामागे, कुठेच उभी राहीना. सगळं पाण्याखालून आल्यासारखं पोकळ.

"नवीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागत असेल," नवरा म्हणाला.

बाबा मान तिरपी करून बसले होते. "एका खोलीत दोन माग चालले का, अन् दोघांचा ठेका जुळला नाही का, तसं वाटून राहिलं."

मी उठले. पदर डोक्यावर घेतला, ऊन लागू नये म्हणून कांदा कमरेला खोचला आणि भर दुपारी सीताबर्डी गाठली. जेवणाच्या सुट्टीनंतर दुकान नुकतंच उघडत होतं. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेठने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मागचे चार स्क्रू. डावीकडून गरम, थंड, गरम, थंड. लाल तार गरमला. मी सांगितलं होतं. तुम्ही फ्यूज मागून राहिल्या होत्या."

"मले नाही सांगितलं."

"सांगितलं, ताई. घरी जा. उजवीकडच्या दोन तारा अदलाबदल करा. नाही जमलं तर सगळं वापस आणा, मी पैसे देतो."

भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्याने असं मोकळं सोडलं की तो राग घेऊन जाणार कुठे? बसच्या तापलेल्या दांड्याला धरून मी घरी आले तेव्हा तो सगळा राग माझ्यासोबत होता. चप्पल काढायच्या आत मी म्हटलं, "बाबा, उलटं जोडलं तुमी."

"उलटं नाही जोडलं."

"शेठ म्हणते उलटं आहे."

"पन्नास वर्षं काठ विणले मी. लाल बाहेरूनच असते."

"ही साडी नाही, बाबा!"

"मंग तसं सांगाचं होतं."

"तुमाले कोणी सांगावं? तुमी कोणाचं ऐकलं हो आजवर? सातवीतून काढलं मले, तवा ऐकलं कोणाचं? मले विचारलं? कांड्या भर म्हटलं, भरल्या. आता माह्या घरचं पाणी बी चालत नाही तुमाले. हातच चालले माहे तुमाले, बाकी काहीच चाललं नाही."

पंचवीस वर्षं ज्या बोलण्याची मी तयारी केली होती ते पाच वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं, त्यानंतर हलकं वाटेल. खोलीत नुसता उकाडा होता.

बाबा उठले. वरांड्यात गेले. वळकटी बांधली, स्टोव्ह पोत्यात गुंडाळला, मडक्यातलं पाणी तुळशीत ओतलं. कोपऱ्यावरचा सायकलरिक्षावाला बोलावला. माझा नवरा मागे मागे फिरत होता. "बाबा, ऊन तर उतरू द्या. कवेलू नाही फेरले अजून. तिथं जाऊन कसं राहाल?" बाबांनी पेटी उचलून रिक्षात ठेवली.

मी दारात उभी होते. मला दिसत होतं की हा माणूस आता त्या फुटक्या छपराखाली जाणार, आणि यंदा शेजाऱ्यांना उशीर होणार. आणि तरीही माझ्या तोंडून 'थांबा' निघत नव्हतं. मी बरोबर होते ना? शेठनेच तर सांगितलं. आणि तेवढ्यात मी त्या 'सांगितलं'पाशीच अडकले. शेठने सांगितलं होतं. कोणाला? बाबांना नव्हे.

मिरचीचं भरलं पोतं मी एकटी उचलायची. हे वाक्य त्याहून जड होतं.

"बाबा, शेठनं सांगितलं होतं मले. घेताना. मी फ्यूज मागत होती. ऐकलं नाही. तुमाले सांगितलंच नाही मी."

बाबांचा एक पाय रिक्षाच्या पायरीवर होता.

"काका, जायचं का नाही?" रिक्षावाला म्हणाला.

"थांब गा." मग माझ्याकडे बघून, "काय म्हणे तो? नीट सांग."

"डावीकडून एक गरम, एक थंड. मंग पुन्हा एक गरम, एक थंड."

बाबा तिथे उन्हात उभे राहून विचार करत राहिले. बोटं हवेत एक-दोन, एक-दोन करत होती. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे काठ नाही वं ते. पट्ट्या आहेत! सतरंजीच्या पट्ट्या. लाल, पांढरी, लाल, पांढरी. हे तर पोट्टं बी लावीन."

ते चपला न काढता आत आले. नवऱ्याने बटण बंद केलं. बाबांनी उजवीकडच्या दोन तारा सोडवल्या, जागा बदलल्या, पुन्हा आवळल्या. सुई टेकली.

आधी डग्गा आला. तो कानाने ऐकायच्या आत छातीत वाजला. मग तंबोरा, आणि मग ती बाई. दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये, पत्र्याच्या त्या बिनरंगी डब्याच्या वर, माणसाच्या उंचीवर, ती येऊन उभी राहिली. श्वास घेतला की तो घेतलेला कळत होता. माझा नवरा डोळे मिटून भिंतीला टेकला. रिक्षावाला दारातून डोकावला आणि पायरीवरच बसून राहिला. घामाने आम्ही चिंब झालो होतो, पण कूलर लावायला कोणी उठलं नाही.

एक बाजू संपली. सुई आतल्या वर्तुळात खुरखुर करत फिरत होती. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "तुहा मास्तर आला होता मागावर. तू सातवीत होती तवा. पोरगी हुशार आहे, काढू नका म्हणून सांगाले. व्यापारी बसला होता समोर. साडीत खोट काढून भाव पाडून राहिला होता. मी त्याच्याशी भांडत होतो. मास्तर बोलत होता अन् मी भांडत होतो. भांडण संपलं तवा मास्तर निघून गेला होता." टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी त्यांनी उगाच आत सारली. "मागून जाऊन विचाराले पाहिजे होतं मी. नाही गेलो. चुकलं माहं."

मी सुई उचलून बाजूला ठेवली. बोलले असते तर भांडले असते. पंचवीस वर्षं मी त्यांना ऐकू न येणारा माणूस समजत होते. आणि ते तर माझ्यासारखेच होते, फक्त भाव करताना बहिरे.

"रेकॉर्ड उलटी कर," ते म्हणाले. "अन् पाणी दे वं मले. घसा सुकला."

मी माठातून पाणी दिलं. माझ्या माठातून. त्यांनी ते दोन घोटांत संपवलं आणि पेला पुन्हा पुढे केला. रिक्षावाल्याने थांबल्याचे पैसे मागितले. मी भांडले नाही असं नाही. पण हळू आवाजात भांडले, दुसरी बाजू सुरू झाली होती.

पाऊस आला तेव्हा बाबांच्या खोलीवरचे कवेलू फेरून झाले होते. ते बघून आले, म्हणाले, काम चांगलं झालं, आणि किल्ली एका मुलाबाळांच्या विणकराला देऊन टाकली. आमच्याकडे ते अकरा वर्षं राहिले. माझी तक्रार संपली का? नाही. चुकलं म्हटल्याने गेलेली शाळा परत येत नाही. रात्रशाळेत मी नंतर दोन वर्षं गेले, इंग्रजी अक्षरं शिकले, मॅट्रिकला गणितात अडकले आणि मास्तरशी भांडून सोडून दिलं. पण राग आणि माणूस एकाच घरात राहू शकतात. नीट जोडले तर एकमेकांचा आवाज मारत नाहीत, हे मी त्या उन्हाळ्यानंतर बघितलं. आधी मला वाटायचं, दोघांपैकी एकाला बाहेर काढल्याशिवाय जागा होणार नाही.

आता त्या लाल रेशमाचा रंग विटला आहे. अँप्लिफायर दोनदा दुरुस्त झाला, सुया किती बदलल्या ते आठवत नाही, एका स्पीकरचा कागद फाटला होता तो खळ लावून चिकटवला. गाठी मात्र बाबांच्याच. कधी दुपारी मी एखादी रेकॉर्ड लावते. नवरा नाही, बाबा नाहीत. कूलर बंद करून घामात बसायची सवय तेवढी राहिली आहे.

त्या पावसाळ्यानंतर शेठ एकदा स्वतः घरी आला, मी खरंच समाधानी आहे का ते बघायला. अँप्लिफायरच्या मागे वाकला आणि तसाच राहिला. "ये किसने किया? माझ्या पोरांना असं जमत नाही." मग म्हणाला, ज्या घरी तो सेट विकतो तिथे बाबा जोडणीला जातील का? बाबा म्हणाले, "एकटा नाही जात. गरम कोणती, थंड कोणती, ते ही सांगते. हिचे कान चांगले आहेत." माझे कान चांगले आहेत, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

दर रविवारी आम्ही निघायचो. पिशवीत पेचकस, पक्कड, रेशमाचं बंडल, पाण्याची वाटी. नव्या वसाहतींमधली नवी घरं, चुन्याचा वास, अजून पडदे न लागलेल्या खिडक्या. बाबा भिंतीकडेने वायर नेत, मी मधोमध बसून ऐकत असे. आवाज मध्ये उभा राहिला की मी हात वर करायची आणि बाबा पेचकस खाली ठेवायचे. अनोळखी घरांत अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर तो क्षण येताना आम्ही किती वेळा बघितला. डग्गा छातीत वाजतो आणि माणूस न बोलता बाजूच्या माणसाकडे बघतो.

अशाच एका घरी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, घरमालकाची आई चहा घेऊन आली. म्हातारी बोलकी होती. बाबांना विचारू लागली, कुठले, काय करता, मुलगा कुठे असतो. बाबांनी सांगितलं, मुलगा पुण्याला, चांगल्या नोकरीत.

"मग तुम्ही पुण्याला राहत असाल. इथं मुलीकडे आला असाल चार दिवस."

मी अँप्लिफायरच्या मागे आडवी पडून शेवटची तार लावत होते. बाबांचे फक्त पाय दिसत होते मला.

"नाही," बाबा म्हणाले. "मी हिच्या घरचा आहो."

मी मान वर केली नाही. स्क्रू आवळत राहिले. जरुरीपेक्षा थोडा जास्तच आवळला असेल.